शब्दाच्या पोटात

बँकेत नोकरी करणारी माझी एक मैत्रीण मध्यंतरी घरी आली ती तणतणतच. शाखेच्या मीटिंगमध्ये तिने एकच मुद्दा मांडला होता. विड्या वळणाऱ्या, चादरीच्या कारखान्यात काम करणाऱ्या बायका पैसे काढायला येतात, त्यांना स्लिप भरता येत नाही, म्हणून त्या तासन्‌तास ताटकळतात. त्यांच्या मदतीला एक माणूस तरी द्या. दोनदा सांगून कुणी ऐकेना, तेव्हा तिचा आवाज जरा चढला. त्यावर साहेब हसत हसत म्हणाले, ‘मॅडम, एवढं हिस्टेरिकल होऊ नका.’ बाकीचेही हसले आणि मुद्दा तिथेच बारगळला.

‘शिवी दिली असती तर परवडलं असतं गं,’ ती म्हणाली. ‘शिवीला उत्तर देता येतं. याला काय उत्तर द्यायचं? गप्प बसावं तर मान्य केल्यासारखं होतं आणि आवाज चढवावा तर म्हणणार, बघा, म्हटलं नव्हतं?’

मला तिचं म्हणणं पटलं. काही शब्द चोहोबाजूंनी कुंपण घातल्यासारखे असतात, त्यांतून बाहेर पडायला वाटच नसते. हिस्टेरिकल हा शब्द तसा आपल्याकडे आता चांगलाच रुळलाय. टीव्हीवरच्या चर्चेत एखादी बाई तावातावाने बोलली की ती हिस्टेरिकल. सासूशी भांडणारी सून हिस्टेरिकल, सुनेशी भांडणारी सासूही हिस्टेरिकल. कॉलेजच्या मुली तर ‘आम्ही हिस्टेरिकली हसलो’ असंही म्हणतात. पुरुष चिडला तर मात्र तो ‘तापट’ असतो, फार तर ‘अ‍ॅग्रेसिव्ह’. आणि तो मोठा अधिकारी असेल तर ‘कडक शिस्तीचा’! हा भेद कुठून आला, याचं उत्तर त्या शब्दाच्या पोटातच आहे. पोटात म्हणजे अगदी शब्दशः पोटात.

ग्रीक भाषेत ‘हिस्टेरा’ म्हणजे गर्भाशय. आपल्या रोजच्या बोलण्यातली पिशवी. त्यावरून ‘हिस्टेरिकोस’, म्हणजे गर्भाशयाचा, गर्भाशयामुळे झालेला. लॅटिनमध्ये त्याचं ‘हिस्टेरिकस’ झालं आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ते विशेषण ‘हिस्टेरिकल’ बनून इंग्रजीत आलं. गंमत म्हणजे ‘हिस्टेरिया’ हे रोगाचं नाव इंग्रजीत त्यानंतर बऱ्याच उशिरा रुळलं. बायकांना लावायचं विशेषण आधी तयार होतं, रोगाचं बारसं मागाहून झालं.

पण गर्भाशयाचा आणि आरडाओरड्याचा संबंध काय? तो जोडला ग्रीक वैद्यांनी. हिपोक्रेटिसच्या नावावर जे वैद्यकग्रंथ आहेत, त्यांतल्या स्त्रीरोगांच्या भागात, म्हणजे सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी, असं सांगितलंय की गर्भाशयाला ओलावा आणि वजन मिळालं नाही की ते कोरडं, हलकं होतं आणि ओलाव्याच्या शोधात शरीरात वर सरकतं. वर जाऊन काळजाशी, श्वासाशी दाटी करतं. मग बाईचा जीव घुसमटतो, दातखिळी बसते, शुद्ध हरपते. हे कुणाला होतं? जिचं लग्न झालेलं नाही तिला, विधवेला, जिला मूल नाही तिला. आणि उपाय काय? लग्न लावून द्या, मूल होऊ द्या! वाचताना मी थबकलेच. घरात मुलीला फिट येऊ लागली की ‘लग्न करून द्या, आपोआप जाईल’ हा सल्ला आपल्या आजूबाजूला कुणी ऐकला नसेल असं नाही. त्या सल्ल्यापायी किती जणींचे आजार लपवून लग्नं झाली आणि पुढे त्यांचे काय हाल झाले, हा एका वेगळ्याच लेखाचा विषय आहे.

तत्त्वज्ञ प्लेटो तर आणखी पुढे गेला. ‘टिमियस’ या ग्रंथात त्याने गर्भाशयाला एक प्राणीच म्हटलंय. मुलाची आस लागलेला हा प्राणी फार काळ रिकामा राहिला की बिथरतो आणि शरीरभर भटकतो. त्यानंतर काही शतकांनी अरेटियस नावाच्या वैद्याने त्याचं वर्णन ‘प्राण्याच्या आतला प्राणी’ असं केलं. त्याला सुवास आवडतो आणि दुर्गंध आवडत नाही, म्हणून बाईला झटका आला की तिच्या नाकाशी घाणेरड्या वासाच्या वस्तू धरायच्या आणि खालच्या बाजूला सुगंधी धुरी द्यायची. म्हणजे पिशवी वरच्या घाणीला कंटाळून खालच्या सुवासाकडे आपल्या जागी परत येणार! आपल्याकडे फिट आलेल्या माणसाला कांदा किंवा चप्पल हुंगवतात, ते मला लगेच आठवलं. त्याचा ग्रीसशी काही संबंध आहे असं मी म्हणत नाही. आपल्याकडे तो प्रयोग पुरुषांवरही होतो आणि दोघांनाही त्याचा काडीचा उपयोग होत नाही. पण नाकाला वास देऊन आतलं काहीतरी हुसकावायचं, ही कल्पना किती ठिकाणी, किती काळ टिकलीय बघा.

तेव्हाही सगळेच असं मानत होते असं नाही. दुसऱ्या शतकात रोममध्ये काम करणारा सोरेनस हा स्त्रीरोगांचा मोठा जाणकार. त्याने स्वच्छ लिहून ठेवलंय की गर्भाशय म्हणजे बिळातून बाहेर येणारं जनावर नव्हे, वासामागे धावत ते कुठेही जात नाही, आणि आधीच हैराण झालेल्या बाईच्या नाकाशी दुर्गंध धरणं चुकीचं आहे. अठराशे वर्षांपूर्वी एवढं कळलं होतं. पण जगात सोरेनसचं ऐकायला फारसं कुणी बसलेलं नव्हतं. सोयीची समजूत खऱ्या ज्ञानाला पुरून उरते, हे काही फक्त ग्रीकांच्या बाबतीतच खरं नाही.

या शब्दाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. १६०२ साली लंडनमध्ये मेरी ग्लोव्हर नावाच्या चौदा वर्षांच्या मुलीला झटके येऊ लागले आणि एलिझाबेथ जॅक्सन या म्हाताऱ्या बाईने तिच्यावर करणी केली असा आळ आला. खटल्यात एडवर्ड जॉर्डन नावाच्या डॉक्टरने साक्ष दिली की ही करणी नाही, हा आजार आहे. न्यायाधीशाला ते पटलं नाही, म्हातारीला शिक्षा झालीच. पण पुढच्याच वर्षी, १६०३ मध्ये, जॉर्डनने या आजारावर एक पुस्तिका इंग्रजीत छापली. त्या काळच्या बोली इंग्रजीत गर्भाशयाला ‘मदर’ म्हणत आणि आजाराचं नावही तेच होतं. कारण चुकीचं असेल, पण ‘ही चेटकीण नाही, ही पछाडलेली नाही, ही आजारी आहे’ असं म्हणायला त्या शब्दाने जागा करून दिली. आपल्या शेजारच्या मराठवाड्यात भानामतीच्या नावाने बायका घुमायच्या, कुत्र्यासारख्या भुंकायच्या, आणि करणी केल्याचा संशय बहुतेक वेळा दुसऱ्या एखाद्या बाईवरच यायचा. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते आणि मानसोपचारतज्ज्ञ गावोगावी जाऊन हेच सांगत आले, की ही भानामती नाही, या बाईच्या मनावर ताण आहे, तिच्याशी बोला. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात भानामतीचाही उल्लेख आहे. तेव्हा वैद्यकाने दिलेलं नाव नेहमीच घात करतं असं नाही. घात होतो तो नाव दिल्यावर ऐकणं थांबतं तेव्हा.

पुरुषांचं काय? तेही घाबरतात, थरथरतात, त्यांची वाचा जाते. सतराव्या शतकात सिडनहॅम या इंग्रज डॉक्टरने लिहिलं होतं की हाच त्रास पुरुषांनाही होतो. पण पुरुषांसाठी वेगळं नाव वापरलं जाई, ‘हायपोकाँड्रिया’. त्याचा मूळ अर्थ बरगड्यांच्या कुर्चांखालची जागा. म्हणजे बाईचा आजार तिच्या पिशवीत आणि पुरुषाचा बरगडीखाली!

यातला सगळ्यात मजेदार किस्सा खुद्द सिग्मंड फ्रॉइडने आपल्या आठवणींत सांगितलाय. १८८६ साली तो पॅरिसहून शार्को या नामवंत डॉक्टरकडे शिकून परतला. शार्कोच्या रुग्णालयात त्याने हिस्टेरिया झालेले पुरुष पाहिले होते. ते त्याने व्हिएन्नातल्या डॉक्टरांच्या सभेत सांगितलं, तर एक वयोवृद्ध सर्जन उसळून म्हणाले की अहो, या शब्दाचा अर्थच गर्भाशय, मग पुरुषाला हा रोग होईलच कसा? समोर माणूस थरथरतोय, आणि हे शब्दकोश उघडून सांगतायत की तुला थरथरता येणार नाही! शब्दांची व्युत्पत्ती शोधायची मला फार हौस आहे, पण हा किस्सा मी मनात जपून ठेवलाय. शब्द कुठून आला हे कळलं म्हणजे वस्तू कळली असं होत नाही.

पुढे पहिल्या महायुद्धात हजारो सैनिक खंदकांतून परतले ते मुके होऊन, पाय लुळे पडून, रात्री किंचाळत. लक्षणं तीच. पण लढून आलेल्या जवानाला गर्भाशयाचा आजार कसा म्हणणार? १९१५ मध्ये ‘शेल शॉक’ असं नवं नाव छापून आलं. त्यांना सहानुभूती मिळाली असं नाही, पुष्कळांना भेकड म्हणूनच वागवलं गेलं. तरी निदान त्यांच्या आजाराचं कारण बाहेर शोधलं गेलं, तोफगोळ्यांत. बायकांच्या आजाराचं कारण बाहेर शोधावं, घरात, नवऱ्यात, कामाच्या ओझ्यात शोधावं, हे सुचायला आणखी वेळ लागला. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत निदान-पुस्तिकेतून ‘हिस्टेरिकल’ हे नाव गेलं ते १९८० साली. आता डॉक्टर वेगळी नावं वापरतात. आपल्याकडच्या आयुर्वेदाच्या आधुनिक पुस्तकांत हिस्टेरियासाठी ‘योषापस्मार’ असा प्रतिशब्द दिसतो. योषा म्हणजे स्त्री, अपस्मार म्हणजे फेफरं. भाषांतर करताना पिशवी गळली, पण बाई काही सुटली नाही!

आता थोडं आपल्या घरात डोकावू. लॅटिनमध्ये गर्भाशयाला ‘युटेरस’ म्हणतात, सोनोग्राफीच्या रिपोर्टवर आपण वाचतो तो शब्द. भाषेच्या अभ्यासकांच्या मते हा युटेरस, ग्रीक हिस्टेरा आणि आपलं ‘उदर’ हे एकाच कुळातले. म्हणजे ज्या मुळातून तिकडे हिस्टेरिकल निघाला, त्याच मुळातून आपल्याकडे काय निघालं? ‘सहोदर’. एका उदरातून आलेले ते सहोदर, सख्खे. सोलापुरात तेलुगू सभेला गेलात तर वक्ता सुरुवातच ‘सोदर सोदरीमणुलारा’ अशी करतो, बंधू-भगिनींनो. कानडीतही बहीण म्हणजे सहोदरी. ग्रीकांनीही ‘भाऊ’ या शब्दाची बांधणी अशीच केली होती. त्यांच्यात गर्भाशयाला दुसरा एक शब्द होता, ‘डेल्फिस’, त्यावरून एका गर्भाशयातला तो ‘अडेल्फोस’. आणि त्यावरून शहराचं नाव पडलं फिलाडेल्फिया, बंधुप्रेमाचं गाव.

याच फिलाडेल्फियात, स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, आपल्या आनंदीबाई जोशी शिकल्या. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. पदवी मिळाली, एकविसावं वर्ष पुरं व्हायला काही दिवस बाकी असताना. पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. आनंदीबाईंनी प्रबंधासाठी विषय घेतला होता हिंदू आर्यांमधल्या प्रसूतिशास्त्राचा. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं, त्यातून त्यांची डॉक्टर व्हायची जिद्द जन्मली हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. व्हिएन्नातले ते वृद्ध सर्जन फ्रॉइडला शब्दार्थ शिकवत होते तेही १८८६ सालच. आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. त्या जगल्या असत्या तर आपल्या बायकांच्या ‘झटक्यां’बद्दल काय म्हणाल्या असत्या, हे कळायला हवं होतं असं फार वाटतं.

सोलापूर हे चार भाषांचं गाव. इथे एकाच दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या चार बायका एकाच अवयवाला चार नावं देतात. मराठी बाई ‘पिशवी’ म्हणते. विडी घरकुलातून आलेली तेलुगू बाई ‘गर्भसंचि’ म्हणते, संचि म्हणजे पुन्हा पिशवीच. अक्कलकोटकडची कानडी बाई ‘गर्भकोश’ म्हणते. मुसलमान बाई ‘बच्चेदानी’ म्हणते. अरबीत गर्भाशयाला ‘रहिम’ म्हणतात, आणि ज्या धातूपासून तो शब्द आला त्याच धातूपासून रहम, रहमत, रहमान, रहीम हे सगळे शब्द आले. म्हणजे ग्रीकांनी गर्भाशयात वेड पाहिलं आणि अरबी भाषेने दया! आपण रोज ‘जरा रहम करा’ म्हणतो, तेव्हा आपण आईच्या पोटाचंच नाव घेत असतो.

मराठीनेही पोटाला कमी मान दिलेला नाही. पोटची पोर, पोटात माया, चूक पोटात घालणं. आणि सगळ्यात मोलाचा शब्द म्हणजे ‘पोटतिडीक’. आतून, कळ आल्यासारखं, जीव तोडून बोलणं म्हणजे पोटतिडकीने बोलणं. माझ्या मैत्रिणीने मीटिंगमध्ये केलं ते नेमकं हेच होतं. इंग्रजीत पोटातून आलेला आवाज आजार ठरला, मराठीत तो सच्चेपणाची खूण ठरला. तरी मराठीला लगेच हार घालायला नको. ‘आक्रस्ताळी’ आपलाच शब्द आहे, ‘कजाग’ आपलाच, ‘कैदाशीण’ही आपलाच. आक्रस्ताळा पुरुष तुम्ही शेवटचा कधी ऐकलात? व्याकरणात तो आहे, बोलण्यात क्वचितच सापडतो. पोटतिडीकही बहुतेक वेळा पुढाऱ्यांच्या भाषणाच्या बातमीतच भेटते.

हिस्टेराचा दुसरा वंशज मात्र विशेषण नाही, ते ऑपरेशन आहे. हिस्टरेक्टमी. ‘एक्टोमी’ म्हणजे कापून बाहेर काढणं. आपल्या भाषेत ‘पिशवी काढली’. आपल्या जिल्ह्यात हे वाक्य इतक्या सहज कानावर पडतं की अक्कलदाढ काढली त्यापेक्षा त्याचं फारसं काही वाटत नाही. ‘काढून टाकली की आक्का, कटकट गेली.’ सांगणारी पस्तिशीचीही नसते.

सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांचा. माळशिरस, पंढरपूर, करमाळा, माढा, सगळीकडे दिवाळीच्या पुढेमागे बीड, धाराशिव, अहिल्यानगरकडच्या ऊसतोड टोळ्या उतरतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. उचल आधीच घेतलेली असते आणि ती फेडायला सहा महिने फडात राबायचं असतं. एक दिवस खाडा झाला तर मुकादम दंड कापतो. बाई पहाटे उठून भाकरी करते, ऊस तोडते, मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरवर चढवते, रात्री गाडी आली की रात्रीही. कोपीशेजारी संडास नाही, धुवायला पुरेसं पाणी नाही, पाळीत कापड बदलायला आडोसा नाही. त्यातून जंतुसंसर्ग होतो, अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं. दवाखान्यात गेलं की काहींना सांगितलं जातं, पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, दोन मुलं झालीत ना, काढून टाका. आणि तिलाही हिशेब पटतो, कारण पाळी गेली म्हणजे खाडे गेले. ऑपरेशनचा खर्च पुन्हा उचलीतूनच होतो, म्हणजे पुढचा हंगामही बांधला गेला.

२०१९ साली ही गोष्ट पेपरांतून गाजली. एकट्या बीड जिल्ह्यात तीन वर्षांत खासगी रुग्णालयांमध्ये गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचं सरकारने विधान परिषदेत सांगितलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे जवळपास सहा जणींत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. आकडे बीडचे असले तरी त्यातल्या कितीतरी जणी आपल्याच जिल्ह्यातल्या फडांत राबून गेलेल्या असणार. त्यानंतर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. २०२२ मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं.

मला यात ती जुनी ग्रीक समजूतच दिसते, फक्त उलटी केलेली. तेव्हा म्हणायचे, बाईला काहीही झालं तरी दोष पिशवीचा, ती भरलेली ठेवा. आता म्हणतात, दोष पिशवीचाच, ती काढून टाका. बाईच्या पाठीवरचं ओझं, पाण्याचा हंडा, मुकादमाची वही, यातलं काही केसपेपरवर येत नाही. आणि शहरातल्या शिकलेल्या बाईच्या वाट्याला याची दुसरी बाजू येते. तिच्या छातीत दुखलं, दम लागला, तर ‘टेन्शन घेताय तुम्ही’ म्हणून घरी पाठवतात. एकीचं ऐकून न घेता कापतात, दुसरीचं ऐकून न घेता गोळी देतात.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ही शस्त्रक्रिया वाईट नाही. कॅन्सर असेल, मोठ्या गाठी असतील, अंग फार बाहेर येत असेल, औषधांनी रक्तस्राव थांबतच नसेल, तर ती जीव वाचवते, आणि सोलापुरात ती उत्तम करणारे डॉक्टर आहेत. पण पांढरं जाणं हे एवढंच तिचं कारण होऊ शकत नाही. ते बहुतेक वेळा औषधांनी बरं होतं, आणि नवऱ्यालाही औषध घ्यावं लागू शकतं, हे सांगायला पुष्कळ जण विसरतात. जास्त रक्तस्रावाला गोळ्या आहेत, संप्रेरकाची तांबी आहे. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली तर तिशीतल्या बाईची पाळी एका दिवसात कायमची जाते. मग हाडं ठिसूळ होणं, अंगातून वाफा निघणं, हृदयाचे आजार हे सगळं पन्नाशीऐवजी पस्तिशीत दारात उभं राहतं. ‘कटकट गेली’ म्हणणारी आक्का दोन हंगामांनी मोळी उचलता येत नाही म्हणून घरी बसते, तेव्हा कंबरदुखीचा आणि त्या ऑपरेशनचा काही संबंध असू शकतो हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

तिच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतल्या कागदांवर सगळं इंग्रजीत लिहिलेलं असतं. तुमच्या घरी धुणंभांड्याला येणारी मावशी, शेतावरची बाई, गावाकडची चुलत जाऊ कधी असा कागद घेऊन आली, तर तिच्याबरोबर एकदा सरकारी दवाखान्यात जाऊन दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. तिथे मराठीतच विचारा. गाठ आहे का, असेल तर किती मोठी? कॅन्सरची तपासणी केली का, रिपोर्ट कुठे आहे? औषधांनी किती महिने वाट बघता येईल? आणि पिशवी काढावीच लागली, तर अंडाशयं ठेवणार की तीही काढणार?